पाटी वाचून पुढे चला

पूर्वी मराठीत ‘उमेदवारी’ नावाचा एक सोज्वळ शब्द होता. वकिलाच्या हाताखाली, छापखान्यात, सोनाराच्या पेढीवर पोरगा नेऊन बसवला, की तो उमेदवारी करतो असे म्हणत. पगार नाही, खुर्ची नाही. चहा आणणे आणि शिव्या खाणे हे दोन विषय सक्तीचे. पुढे हा शब्द निवडणुकीने पळवला. आता उमेदवार म्हटले की हात जोडलेला फोटोच डोळ्यांसमोर येतो. रिकाम्या झालेल्या जागेवर इंग्रजीतून ‘इंटर्न’ येऊन बसला. पगार नाही, खुर्ची नाही, हे जुनेच. चहा मात्र आता मशीन देते. शिव्यांचे मशीन अजून निघायचे आहे.

माझी भाची सध्या इंटर्न आहे, एका नव्या इतिहास-संग्रहालयात. संग्रहालयाचे नाव सांगत नाही. उमेदवारी तिची आणि लेख माझा; दोहोंची गाठ पडू नये एवढी काळजी मामाने घ्यायलाच हवी. ते मराठवाड्यात आहे, भिंतींना अजून रंगाचा वास आहे आणि उद्घाटनाची तारीख तीनदा पुढे गेली आहे. एवढ्यावरून कोणी ओळखले तर त्याची हुशारी त्याला लखलाभ.

भाची दर शनिवारी रात्री धाराशिवला येते आणि जेवताना आठवड्याचा हिशेब देते. मी बी.कॉम. असून बँकेत कारकून आहे. इतिहासाशी माझा संबंध दहावीला संपला, तोही दोन्ही बाजूंच्या संमतीने. तरीही या हिशेबावर चार शब्द टीका करण्याचा अधिकार मला आहे, असे माझे मत आहे. कारण भाची तिथे जे लिहिते त्याला पाटी म्हणतात, आणि मी गेली तेवीस वर्षे पाटीच्या मागे बसलेलो आहे. माणसे पाटी कशी वाचतात, हे माझ्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल. ‘पैसे भरणे’ अशी वीतभर अक्षरांची पाटी डोक्यावर असताना खाली उभा राहून ‘इथं पैसे भरतेत का?’ असे विचारणारा माणूस मी रोज पाहतो. समीक्षकाला याहून कडक शिक्षण कोणते विद्यापीठ देणार?

पहिल्या आठवड्यात भाचीला एक अक्षर लिहू दिले नाही. हात धुवायला शिकवले. अंगठी काढून ठेवायची, वस्तू दोन्ही हातांनी उचलायची, आणि कान किंवा गळा धरून भांडे कधीही उचलायचे नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तो कान धरण्यासाठीच केला होता, हे खरे. पण म्हातारपणी कोणाचाच कान धरू नये. वस्तूजवळ शाईचे पेन न्यायचे नाही, पेन्सिलच न्यायची. आमच्या बँकेत नेमके उलटे: पेन्सिल दिसली की तपासनीस दचकतो.

मग वस्तूवर क्रमांक घालायला शिकवले. खापराच्या पाठीशी, सहज दिसणार नाही अशा जागी आधी पारदर्शक व्हार्निशचा एक पातळ थर द्यायचा. तो वाळला की त्यावर बारीक अक्षरात क्रमांक आणि वर पुन्हा एक थर. उद्या क्रमांक बदलावा लागला तर तो खापराला इजा न होता निघाला पाहिजे, म्हणून हा खटाटोप. हे ऐकून मी घास हातातच धरून बसलो. आम्ही जिवंत खातेदारालासुद्धा इतक्या हळुवारपणे क्रमांक देत नाही.

आणि मग आले रजिस्टर. त्याला ॲक्सेशन रजिस्टर म्हणतात. त्यात प्रत्येक वस्तूचे एक खाते असते: क्रमांक, काय आहे, कशाचे आहे, माप किती, कोणाकडून आले, कधी आले, कुठे सापडले. यात खाडाखोड चालत नाही. चुकलेला शब्द दिसेल अशी एकच रेघ त्यावर मारायची, शेजारी नवा शब्द लिहायचा, सही करायची, तारीख टाकायची. हे ऐकल्यावर मात्र मला घरी आल्यासारखे वाटले. ही तर आमची लेजरबुके! काँप्युटर येण्यापूर्वीचे सगळे बँकवाले याच धर्मात वाढले. आमच्या गावाचेच पाहा. निजाम मीर उस्मान अली खानांच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद हे नाव २०२३ साली बदलून धाराशिव झाले. स्टेशनरी बदलली, शिक्के बदलले. पण कपाटातल्या जुन्या कर्जखतांवर आधीचे नाव तसेच आहे, आणि ते तसेच राहिले पाहिजे. ज्या दिवशी जे लिहिले ते त्या दिवशीचे. नवी पाटी लावायला कोणाची हरकत नसते. जुन्या नोंदीला ब्लेड लावला की मात्र तपासनीस येतो.

दुसऱ्या आठवड्यात तिला पाट्या लिहायला बसवले, आणि इथून माझ्यातला समीक्षक जागा झाला. कथा, कविता, नाटक यांच्यावर मराठीत रग्गड टीका झाली. पण संग्रहालयातली पाटी हाही एक वाङ्मयप्रकार आहे, आणि तो कवितेपेक्षा जास्त लोक वाचतात, हे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. या प्रकारात माझ्या मते तीन घराणी आहेत.

पहिले गीर्वाण घराणे. यात डोके तुटलेल्या मातीच्या बाईला ‘भग्नशिर मृण्मयी स्त्रीप्रतिमा, कटिसूत्रवलयांकित’ असे म्हणतात. गुण असा, की वाचणारा आपोआप हात जोडतो. दोष असा, की तो हात जोडूनच पुढे जातो. कंबरेला दोरा आहे एवढे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होते. पाटी वाचल्यावर तेही दिसेनासे झाले.

दुसरे कचेरी घराणे. ‘सदर वस्तू ही मातीची असून ती प्राचीन आहे.’ या शैलीविषयी मला आपुलकी आहे, कारण माझे अन्न तिच्यावर शिजते. ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘असून’ हे शब्द काढले तर आमची बँक दुपारी बारालाच बंद करावी लागेल. पण वाक्याचे तोंड उघडून पाहिले तर आत काय सापडते? माती आहे हे दिसतच होते. प्राचीन नसती तर काचेत कशाला ठेवली असती?

तिसरे जाहिरात घराणे. ‘दोन हजार वर्षांपूर्वीची थक्क करणारी जागतिक झेप!’ हे घराणे नवे आहे आणि जोरात आहे. यातल्या उद्गारचिन्हांची मोडतोड करून विकली तर एक काचेचे कपाट सहज येईल. वस्तू बिचारी कोपऱ्यात तळहाताएवढी आणि झेप भिंतभर.

तिन्ही घराण्यांचे आपसात पटत नाही, पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. वस्तू कुठे सापडली, कोणाला सापडली, आणि ती इतकी जुनी आहे हे कशावरून, या तीन प्रश्नांची उत्तरे कोणीच देत नाही. म्हणजे पासबुकावर ‘आपली शिल्लक भरपूर आहे’ एवढेच छापायचे. किती, कुठून आली, कधी जमा झाली, हे विचारायचे नाही.

भाचीच्या पहिल्या दहा पाट्या परत आल्या. तिच्या साहेबांचे हुद्द्याने नाव ‘अभिरक्षक’. हा शब्द ऐकला की मला दारावर बंदूक घेतलेला माणूस दिसतो. प्रत्यक्षात ते चष्मा लावलेले सज्जन गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे असे: ‘बाई, तुमची पाटी चांगली आहे, पण ती वाचणार कोण? शाळेची सहल येते. साठ पोरं, दोन मास्तर. मास्तर दारातूनच ओरडत असतात, पाटी वाचा आणि पुढे चला. त्या पोराला एका कपाटापुढं किती वेळ मिळतो? चाळीस शब्दांत बसवा.’

समीक्षकाने अशा वेळी न्यायबुद्धी ठेवावी. साहेबांचे बरोबर आहे. माणूस पाटी उभ्याने वाचतो, मागून ढकलला जात असताना वाचतो, आणि त्याचे लक्ष अर्धे बाहेरच्या चपलांकडे असते. चाळीस शब्द पुष्कळ झाले. प्रश्न एवढाच, की कोणते चाळीस?

भाची हिरमुसली होती. रविवारी सकाळी मी म्हटले, ‘चल, तेरला जाऊन येऊ.’

‘मामा, तेर मी अभ्यासलंय.’

‘म्हणूनच चल. मी अभ्यासलं नाही. मला सांगता सांगता तुझी पाटी तयार होईल. माझ्या डोक्यात शिरली की साठ पोरांच्या डोक्यात शिरलीच समज.’

तेर आमच्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. गोरोबाकाकांचे गाव म्हणून लहानपणापासून जाणे-येणे. पण गावाखालच्या गावाकडे मी कधी पाहिले नव्हते. पहिल्या शतकात इजिप्तकडच्या कोणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची एक वही लिहून ठेवली आहे. पेरिप्लस म्हणतात तिला. त्यात लिहिले आहे की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. तिथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाते, आणि हा प्रवास रस्ते नसलेल्या अफाट मुलखातून होतो. रस्त्यांचा उल्लेख ऐकून एस.टी.तल्या आमच्या शेजाऱ्याने मान डोलावली. त्याला लेखक आजचा वाटला असावा.

आता ही वही कोणी लिहिली, तर लेखकाने नावच घातलेले नाही. व्हाउचर आहे, सही नाही! माझ्या टेबलावर आले असते तर मी परत केले असते. तगर म्हणजे कोणते गाव यावरही विद्वानांनी बरीच वर्षे घातली. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, कोणी धारूर. शेवटी १९०१ साली फ्लीट नावाच्या साहेबाने तगर म्हणजे तेर हे मांडले, आणि ते टिकले. टिकले ते साहेबाने म्हटले म्हणून नव्हे. जमीनच साक्षीला उभी राहिली. १९५८ साली आणि त्यानंतरही इथे उत्खनने झाली. सातवाहनांची नाणी निघाली, मणी निघाले, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, रोमशी व्यापार होता हे सांगणाऱ्या वस्तू निघाल्या. बिनसहीचे व्हाउचर रोकडीशी जुळले. यालाच आम्ही ताळा म्हणतो.

पण उत्खननवाले येण्याआधीपासून या गावात एक माणूस ताळेबंद मांडत बसला होता. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. गावाच्या आसपासच्या टेकाडांवर पांढरीची माती. पाऊस पडून गेला की मातीतून मणी, खापरे, मातीची माणसे वर येत. इतरांच्या लेखी तो कचरा. लामतुऱ्यांनी ते हौसेने जमवले, सांभाळले. आज तेरमध्ये राज्य शासनाचे जे संग्रहालय आहे ते त्यांच्या संग्रहावर उभे आहे आणि त्यांचेच नाव त्याला दिलेले आहे. अशा माणसाचा पुतळा कोणी चौकात उभारत नाही, कारण त्याच्या हातात तलवार दाखवता येत नाही. फार तर मुठीत चार मणी दाखवता येतील.

या संग्रहातली एक हस्तिदंती पुतळी आहे. वीतभरही उंची नाही. भाचीने मला तिची गोष्ट सांगितली ती अशी. इटलीत व्हेसुव्हियस डोंगर फुटला आणि इ.स. ७९ मध्ये पॉम्पेई शहर राखेखाली गेले. १९३८ साली तिथे खणताना एका घरात हस्तिदंती बाई सापडली: दागिन्यांनी मढलेली, दोन दासी बाजूला, साफ भारतीय. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. आधी तिला लक्ष्मी म्हटले. आता बरेच जण यक्षी म्हणतात. ती भारतातून कुठून गेली, यावर वाद आहे. तिच्यावर खरोष्ठी लिपीतले अक्षर कोरलेले आहे म्हणून काही जण वायव्येकडे बोट दाखवतात. काही जण म्हणतात, थांबा. अशाच घडणीच्या हस्तिदंती पुतळ्या तेरला आणि जालन्याकडच्या भोकरदनला सापडल्या आहेत, तेव्हा दख्खनचाही विचार करा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. एवढी आमच्या तेरणाकाठची पत!

‘आता मला सांगा मामा,’ भाची म्हणाली, ‘या पुतळीचं मोल कशात आहे?’

‘हस्तिदंतात,’ मी म्हटले. बँकेत तारण असेच पाहतात.

‘तेर या दोन अक्षरांत आहे. ही तेरला सापडली हे माहीत आहे, म्हणून ती नेपल्सच्या बाईशी बोलू शकते. तेवढी दोन अक्षरं हरवली तर ती नुसती देखणी बाहुली. दिवाणखान्यात ठेवायच्या कामाची.’

हे मात्र माझ्या डोक्यात शिरले. आमच्याकडे एखादी रक्कम येते पण ती कोणाची, कशापोटी, हे कळत नाही. पैसे खरे असतात, पण उपयोग शून्य. पत्ता नसलेला पैसा आणि गाव नसलेली वस्तू, दोघांची जात एक.

त्रिविक्रमाच्या देवळातही जाऊन आलो. जुन्या विटांची इमारत. पाटी त्रिविक्रमाची आणि पाठ मात्र हत्तीच्या पाठीसारखी गोल. हा आकार बौद्ध चैत्याचा, असे हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञाने १९०२-०३ च्या अहवालात दाखवून दिले. आत विष्णू नांदतो आहे, बाहेर विटा आपली जुनी ओळख सांगत आहेत, आणि दोघांचे भांडण नाही. नाव बदलले तरी आधीची नोंद खोडलेली नाही. ॲक्सेशन रजिस्टर असे ठेवावे. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत. जाहिरात घराण्याचा कोणी इथे पोचला असता तर त्याने उद्गारचिन्हांचा सडा घातला असता.

आणि शेवटी गोरोबाकाका. माझ्या मते मराठीतले पहिले समीक्षक तेच. सगळे संत त्यांच्या घरी जमले होते, आणि मुक्ताईने कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, काका, हे कशाला? काका म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते यावरून कळते. मग आमची मडकी पाहा की, असे मुक्ताई म्हणाली, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. काकांनी निकाल दिला: हे मडके कच्चे. परंपरा ही गोष्ट अशी सांगते. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, आणि मग त्यांचे काय झाले हे पंजाबपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

समीक्षेची ही पद्धत मला पसंत आहे. प्रस्तावना नाही, परिभाषा नाही. टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. मी भाचीच्या दहाही पाट्यांवर एस.टी.त बसून थापटणे चालवले. सात कच्च्या निघाल्या. तिने नामदेवांसारखा चेहरा केला, पण वही बंद केली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मात्र खरी परीक्षा झाली. संग्रहालयाच्या कोठीत एक गोणी सापडली. आत मातीच्या पाच छोट्या मूर्ती, कागदात गुंडाळलेल्या, आणि एक चिठ्ठी: ‘जुने सामान, एक गोणी.’ कोणी दिली, कधी दिली, काही नाही. मूर्ती मात्र सुरेख. जाणकारांनी पाहिल्या आणि घडणीवरून सातवाहनकाळातल्या असाव्यात असे सांगितले. पहिल्याच दालनात ठेवायचे ठरले, आणि पाटीचे काम आले भाचीकडे. ‘सापडल्याचे ठिकाण’ या ओळीवर तिची पेन्सिल थांबली.

‘तेर लिही,’ तिथले एक अनुभवी गृहस्थ म्हणाले. ‘आपल्याकडं असलं समदं तेरचंच असतंय. लोकांनाबी बरं वाटतं.’

हीच ती जागा. इंटर्नने अशा वेळी काय करावे? तिच्या कागदावर सही व्हायची आहे, तिला कोणी विचारलेले नाही, आणि दोन अक्षरांनी कोणाचे काय बिघडते? कपाट सजते. पाहुणे खूष. पण उद्या एखादा विद्यार्थी ती पाटी वाचून वहीत लिहील: तेरला अशा पाच मूर्ती सापडल्या. परवा ते पुस्तकात जाईल. आणि नेपल्सच्या बाईशी बोलायला तेरकडून पाच खोटे साक्षीदार जातील. त्यांच्यामुळे खऱ्या साक्षीदाराचीही साक्ष कोणी धरणार नाही.

भाचीने तेर लिहिले नाही. साहेबांपुढे कागद गेला. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिलीने सुचवले: ‘तेर परिसर (बहुधा).’

‘बहुधा’ हा शब्द मला फार आवडतो. मराठीतला तो सर्वांत प्रामाणिक शब्द आहे. नेपल्सच्या बाईविषयी ‘बहुधा दख्खनची’ म्हणणाऱ्याजवळ कारण असते. समोरच्याजवळ वेगळे कारण असते, आणि दोन्ही कारणे लिहून दाखवता येतात. असा ‘बहुधा’ पाटीवर आलाच पाहिजे. लोकांचा विश्वास उडेल, अशी भीती काहींना वाटते. मी त्यांना आमच्या सस्पेन्स खात्याकडे पाहायला सांगतो. ज्या रकमेचा धनी कळत नाही ती आम्ही या खात्यात टाकतो, शोध घेतो, आणि कळले की वर्ग करतो. असे खाते ठेवले म्हणून कोणी बँकेतून ठेव काढून घेतलेली मी पाहिली नाही. रक्कम दिसेल त्याच्या नावावर जमा केली असती तर मात्र लोकांनी दाराला टाळे ठोकले असते.

पण गोणीवरच्या ‘बहुधा’ला टिचकी मारा. कशावरून बहुधा? चिठ्ठीवरून? गोणीवरून? त्याच्या मागे कारणच नाही. हा ‘बहुधा’ म्हणजे ‘तेर’च आहे, फक्त त्याने कंसात टोपी घातली आहे. मडके कच्चे.

भाचीने हे साहेबांना सांगितले. मी पढवले म्हणून नाही. मी टेलिफोनवर नुसते ‘हं’ म्हणत होतो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, ‘मग लिहा तुम्हाला काय लिहायचं ते. चाळीस शब्दांत.’

ती पाटी आता लागली आहे. ती अशी आहे:

‘मातीच्या मूर्ती, पाच. घडणीवरून सातवाहनकाळातल्या असाव्यात. या कुठे सापडल्या, कोणी दिल्या, याची नोंद राहिली नाही. तुमच्या गावात, शेतात अशी मूर्ती कधी निघाली असेल, तर आम्हाला येऊन सांगा. ती कोणत्या जागी निघाली, हे आधी लिहून ठेवा.’

शब्द मोजून पाहिले. चाळीसला कुठे चार-दोन कमी. ‘सदर’ नाही, ‘भग्नशिर’ नाही, उद्गारचिन्ह नाही. समीक्षक या नात्याने मी हिला पक्क्या मडक्यांत धरतो. हिच्यात दोष एकच: शेवटचे वाक्य वाचून माणसाला घाम फुटतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला हवे, असे तो सांगतो. दहा रुपये त्या काळी मोठी रक्कम होती. कायदा रुपयांकडे पाहतो; रुपया घसरत गेला आणि दहाचा आकडा तिथेच बसून राहिला. म्हणून सापडलेले गुपचूप चुलीमागे ठेवणारे पुष्कळ. पाटी त्यांच्याशी ‘या, बसा’ अशा आवाजात बोलते, हे तिचे यश.

या पाटीपुढे लोक थांबतात, असे भाची सांगते. उद्घाटनाआधीच बघायला आलेल्या मंडळींपैकी तिघांनी तिला काहीबाही सांगितले. एकाने आजोबांच्या विहिरीतून निघालेल्या नाण्यांची हकीकत सांगितली. ती नाणी १९४० सालच्या आतबाहेरची निघाली. दुसऱ्या बाईंनी गावाचे, गटाचे, बांधावरच्या बाभळीचे नाव-निशाण सांगून मण्यांची जागा दाखवली, आणि ते भाचीने जसेच्या तसे उतरवून घेतले. तिसऱ्या गृहस्थांनी आधार कार्ड बँकेशी जोडायचे कुठे, असे विचारले. तिने त्यांना माझा पत्ता दिला. ते येऊनही गेले.

चार आठवडे झाले तेव्हा कॉलेजला पाठवायचा अहवाल तिच्या हातात पडला. छापील नमुना, शेवटी ‘शेरा’ नावाची रिकामी ओळ. तीत कोणीतरी लिहिले होते: ‘सदर विद्यार्थिनीचे काम समाधानकारक आहे.’

मी चष्मा लावला आणि त्या पाटीचे परीक्षण केले. घराणे कचेरी. वस्तू कशाची घडली आहे, कुठून आली, काय केले, कशावरून समाधानकारक, काही पत्ता नाही. टिचकी मारून पाहिली. मडके कच्चे. भाचीला तसे सांगितले, तर ती म्हणाली, ‘राहू द्या मामा. सही आणि तारीख आहे ना?’